आईसाहेबांचा शुक्रवार

“आई, तू अशी गप्प राहू नकोस,” ऋतुराज म्हणाला, आणि स्वतःच गप्प झाला.

मी कोमात होते. अंगावर हिरवी चादर, कपाळाला पट्टी, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि उशाशी टूं टूं करणारं मशीन. ऋतुराजने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि त्या हातांना दरदरून घाम सुटला. डोळे मिटलेले असूनही मला कळलं की गाडी थांबली. कॅमेरा चालू, सेटवर तीस माणसं श्वास रोखून उभी, आणि मालिकेचा नायक वाक्य विसरला होता.

“तुझ्या एका हाकेसाठी...” मी मास्कच्या आतून म्हटलं. नुसता श्वास सोडावा तसं.

“तुझ्या एका हाकेसाठी मी आसुसलोय गं!” ऋतुराज गदगदून म्हणाला आणि पुढचं पानभर धबाधबा बोलून मोकळा झाला. शेवटी माझ्या मनगटावर त्याचं ग्लिसरीन टपटप पडलं.

“कट! ओके!” आमचा दिग्दर्शक नंदू सबनीस खुर्चीतून उडालाच. “ऋतू, काय पॉज घेतलास रे! अंगावर काटा आला माझ्या.”

नंदूला पॉजचं वेड होतं. नट थांबला की तो खोल गेला, अशी त्याची समजूत. हा नट खोल गेला होता खरा, पण गटांगळ्या खात होता.

लाइट बदलायला सगळे पांगले तसा तो पोरगा माझ्या कानाशी वाकला. “मावशी, तुमी बोलला व्हय?”

“मग काय मशीन बोललं?”

“डोक्यातनं सगळं गेलं हुतं ओ! वाचिवलासा बगा.” आणि त्या अठ्ठ्याऐंशी किलोच्या गड्याने, कोमातल्या बाईच्या पायांवर, चादरीवरूनच डोकं ठेवलं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मालिकेचं नाव ‘ओंजळ भरली सुखाने’. सुखाचा थेंब कुठे नव्हता, पण नाव तसं होतं. ऋतुराज घोरपडे इस्लामपूरचा. कॉलेजात कुठल्याशा देहसौष्ठव स्पर्धेत कोणीतरी त्याला पाहिला आणि थेट मालिकेतल्या इनामदारांच्या घरातला मोठा मुलगा करून टाकला. दिसायला देखणा, मनाने लोणी, पण आमचा लेखक लिहायचा ‘अंतर्मनातील कोलाहल’ वगैरे, आणि ऋतुराजच्या घरी सात पिढ्यांत कोणाच्या अंतर्मनात कोलाहल झाला नव्हता. बिचाऱ्याची जीभ अडखळायची.

आणि मी इंदुमती रेगे, व्यावसायिक नाटकांची प्रॉम्प्टर. बावीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, हातात वही, नाकावर चष्मा. माझा आवाज नटाच्या कानापर्यंत जायचा आणि पहिल्या रांगेच्या अलीकडे विरायचा. ही विद्या आहे, गंमत नाही. मोठमोठ्या नटांच्या टाळ्या मी वाचवल्यात. पण त्या बावीस वर्षांत रंगमंचाच्या उजेडात माझं पाऊल एकदाही पडलं नाही. शेवटी सगळे ओळीने उभे राहून नमस्कार करायचे तेव्हाही मला कोणी हाताला धरून बाहेर ओढलं नाही. मला काम करायचं होतं हो! दोनदा विचारलंही. “इंदूताई, तुम्ही स्टेजवर गेलात तर विंगेत कोण बसणार?” असं म्हणून मॅनेजर हसले होते. मीही हसले होते.

मग सत्तेचाळिसाव्या वर्षी नंदूचा फोन. “इंदूताई, एक रोल आहे. जिन्यावरून पडून कोमात गेलेली आई. तीन एपिसोड. फक्त निपचित पडून राहायचं.”

“मला जमेल का रे?” मी विचारलं. तो हसत सुटला. मी मनापासून विचारलं होतं.

तर तीन एपिसोडचे पाच महिने झाले, ते ऋतुराजमुळे. त्या पहिल्या दिवसानंतर त्याने नंदूच्या कानाशी भुणभुण लावली, की मला आईजवळच इमोशन येतं. नंदूला हे फार पटलं. चॅनलच्या तन्वी मॅडमनाही पटलं. वय सव्वीस, पण सगळ्या युनिटचं नशीब त्यांच्या मोबाइलमध्ये. मग काय विचारता! नायक बोलणार म्हटलं की सीन हॉस्पिटलात. भावाशी वाटणीचं भांडण माझ्या पायथ्याशी. नायिकेला मागणी माझ्या उशाशी. साखरपुडासुद्धा आयसीयूत झाला, तोरण बांधून, बावीस माणसं घेऊन, आणि एक वेंधळी आत्या माझ्या सलाइनच्या स्टँडला पर्स अडकवून फुगडी घालून गेली. मी मधोमध निपचित, मास्कमधून ऋतुराजला वाक्यं पुरवत.

फक्त साउंडवाल्या डिकॉस्टाला हे कळलं होतं, कारण ऋतुराजच्या छातीवरचा माइक माझाही श्वास टिपायचा. तिसऱ्या दिवशी तो पलंगाशी आला. मला वाटलं, आता बोंब मारणार. तर हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्ही चालू ठेवा. मी मशीनचा टूं टूं थोडा वाढवतो.”

त्या पाच महिन्यांत मी प्रसिद्ध झाले. पण कशी, ते ऐका. नौपाड्यातल्या आमच्या भाजीवालीला मी म्हटलं, “अगं, ती आईसाहेब मीच.” तिने दोनदा निरखून पाहिलं. “छ्या! त्या कुठं, तुमी कुठं.” मग मी पिशवी खाली ठेवली, मान कलती केली आणि डोळे मिटले. “अगं बया! त्याच हायेत!” तिथून पुढे मंडईत, बँकेत, देवळात, कुठेही बायका मला थांबवायच्या, “एकदा करून दाखवा ना,” आणि मी रस्त्यात उभ्या उभ्या कोमात जायचे. एका आजींनी माझ्या कपाळावर अंगारासुद्धा लावला. मला काय आनंद व्हायचा! बावीस वर्षं अंधारात काढलेल्या बाईला लोक उजेडात ओळखत होते, मग ते डोळे मिटून का असेना.

आणि जून महिन्यातल्या एका मंगळवारी तन्वी मॅडम थेट माझ्या पलंगापाशी आल्या. “इंदूताई, गुड न्यूज! फ्रायडेला तुमचा खूप मोठा सीन आहे.”

मी मास्क बाजूला सारला. “उठतेय का मी?”

“नाही नाही. एक्सपायर होताय. प्रोमो आजपासून लागतोय. खूप इमोशनल झालाय, तुम्हीसुद्धा रडाल.”

मी रडलेच, पण मेकअप रूममध्ये, दार लावून. मला मरायचं नव्हतं. पुन्हा त्या स्टुलावर, पुन्हा त्या वहीपुढे जायचं नव्हतं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला एकदा तरी एक वाक्य हवं होतं. एकच. माझ्या तोंडचं, मोठ्याने.

त्यात आणखी तमाशा असा, की भिंतीवर टांगायला माझा हार घातलेला फोटो हवा होता आणि पाच महिन्यांत आईसाहेबांचा डोळे उघडे असलेला एकही फोटो कोणाकडे नव्हता. म्हणून बुधवारी मला पैठणी नेसवून बाहेरच्या तुळशीपाशी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, “ताई, हसा. मेल्यानंतरचा आहे.” त्या वेशात मी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून उभी होते, तेही मेल्यानंतरच्या फोटोसाठी. कशीबशी हसले.

ऋतुराजची अवस्था माझ्याहून वाईट. “मावशी, तुमी मेल्यावर माझं कसं व्हायचं ओ? मी जातो मॅडमकडं. सांगतो त्यास्नी, मावशी न्हाई तर मी बी न्हाई.”

“गप्प बैस. उद्या तुलाच काढतील आणि अपघातात चेहरा बदलला म्हणून दुसरा आणून उभा करतील. हे कागद घे आणि पाठ कर. आधी हाताने लिहून काढ, मग भिंतीकडे तोंड करून म्हण.”

निरोपाचं भाषण होतं, दोन पानांचं. मी तीन दिवस त्याच्याकडून घोकून घेतलं. आणि हा प्रत्येक वेळी अगदी एकाच जागी अडकायचा. ‘आई, तू गेलीस तर माझ्या अंतर्मनातील...’ इथपर्यंत आला की तोंड उघडं.

“कोलाहल! कोलाहल रे!”

“त्योच यीना झालाय बगा.”

“असू दे. शुक्रवारी मी आहेच मास्कच्या आत. शेवटचं वाक्य मिळेपर्यंत मी काही मरत नाही.”

शुक्रवारी सकाळपासून सेटवर धावपळ. आदल्या रविवारी एक तासाचा विशेष भाग दाखवून चॅनलने आमचे आधी काढून ठेवलेले सगळे भाग खाऊन टाकले होते, त्यामुळे सात वाजता दिसायचा एपिसोड त्याच दिवशी शूट होत होता. वरच्या मजल्यावर एडिटर एकेक सीन जोडत बसलेला, आणि आमचा मृत्यू सर्वांत शेवटी. घड्याळात पावणेसहा. एपिसोड अजून साडेतीन मिनिटं तोकडा होता, म्हणजे मला सावकाश मरायचं होतं.

मी पलंगावर पडले. मास्क लावला. डिकॉस्टाने लांबूनच अंगठा दाखवला. आणि नंदू म्हणाला, “मास्क काढा.”

“काय?” कोमातून माझ्या तोंडून निघून गेलं.

“इंदूताई, शेवटचा सीन आहे तुमचा. लोकांना तुमचा पूर्ण चेहरा दिसायला नको का? एकच कॅमेरा तुमच्या तोंडावर, शेवटपर्यंत. एकच टेक. वेळ नाही.”

नर्सने मास्क काढला. मला उघडं पडल्यासारखं झालं. आता ओठ तसूभर हलले तरी अख्ख्या महाराष्ट्राला दिसणार होते. मी ऋतुराजकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

“ॲक्शन!”

मी डोळे मिटले. त्याने हात धरला आणि बोलायला लागला. पहिलं पान सुरळीत गेलं. काय सुरेख बोलला! ‘लहानपणी तू मला शेवग्याच्या झाडाखाली शोधायचीस’ यावर तर लाइटवाल्याचा हुंदका ऐकू आला. दुसरं पान. मी मनातल्या मनात त्याच्या पुढे एक वाक्य चालत होते, सवयच ती. आली, ती जागा आली.

“आई, तू गेलीस तर माझ्या अंतर्मनातील...”

थांबला.

एक. दोन. तीन. चार. पाच. नंदू ‘कट’ म्हणेना, कारण त्याला वाटत होतं हा पॉज आहे. सहा. सात. मशीन टूं टूं करतंय, डिकॉस्टाने ते इतकं वाढवलं होतं की खोली दणाणत होती. मी ओठ घट्ट मिटून नाकातून प्रयत्न केला. नाकातून ‘कोलाहल’ म्हणून बघा कधी. काही होत नाही.

दहा. अकरा. पोराची नोकरी डोळ्यांपुढे आली. मी ओठांची फट केली. “कोलाहल.”

काही नाही.

“कोलाहल!” मी जरा जोरात म्हटलं.

तरी काही नाही. उलट त्याने माझा हात दाबला, चांगला कचकन. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी सांगितलेला शब्द उचलला नाही असा नट मला भेटला नव्हता. मेला का काय हा, असं वाटून मी डोळे उघडले.

सेटवर कोणीतरी “आईऽऽ” केलं. ऋतुराज माझ्याकडे बघत होता. घाबरलेला अजिबात नव्हता. आणि ओठ वाकडे करून, आपल्या मते अगदी हळूच, तो म्हणाला, “मावशी, बोला की कायतरी!”

त्याला प्रॉम्प्टिंग कुठलं येतंय! ते बाहेरच्या वॉचमनलाही ऐकू गेलं असेल.

कॅमेरा माझ्या तोंडावर, दिवे माझ्या तोंडावर, आणि माझ्याकडे एकही वाक्य नाही. कुठल्याच कागदावर नाही. सगळ्यांची वाक्यं मला पाठ, माझंच तेवढं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा धटिंगण, डोळे भरलेले, माझ्या तोंडाकडे बघतोय.

“किती वाळलास रे!” मी म्हणाले.

मोठ्याने. आरपार शेवटच्या रांगेपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.

अठ्ठ्याऐंशी किलो! पण कोणी हसलं नाही. ऋतुराजचा चेहरा असा मोडला, की तो इनामदारांचा मोठा मुलगा राहिलाच नाही. “आये!” म्हणून त्याने हंबरडा फोडला आणि माझ्या कुशीत डोकं खुपसलं. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले, कारण दुसरं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. नंदूने ‘कट’ म्हटलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता.

मग उडाली तारांबळ. तन्वी मॅडम धावत आल्या. “हे काय केलंत? तीन दिवस डेथचा प्रोमो चाललाय! परत मारा त्यांना, आत्ताच्या आत्ता!”

नंदूने मनगट पुढे केलं. “सहा दहा. लाइट लावून मारायला चाळीस मिनिटं लागतील. मारू?”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. कपाळावर हात मारून म्हणाल्या, “वर पाठवा.”

सात वाजता सगळं युनिट प्रॉडक्शनच्या खोलीत त्या छोट्या टीव्हीपुढे दाटीवाटीने उभं होतं. मी मेलेली असायला हवी होते, त्याऐवजी मला सगळ्यांत पुढे खुर्ची मिळाली. शेवटच्या सीनला मी स्वतःलाच बघून गुंग झाले. आमची कुजबुज आणि त्याचं ‘मावशी, बोला की’ डिकॉस्टाने टूं टूंखाली पार बुडवलं होतं. “किती वाळलास रे” झालं आणि खोलीत टाळ्या पडल्या. टाळ्या, आणि मी विंगेत नव्हते! तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. शेजारच्या मालूताई किंचाळत होत्या, “इंदू! अगं, अख्खी बिल्डिंग थाळ्या बडवतेय! आणि डोळे काय सुंदर आहेत गं तुझे!” तन्वी मॅडमचा फोन तर खाली ठेवला जाईना. ‘येस सर, प्लॅन्डच होतं सर,’ एवढंच मला ऐकू आलं. लेखकाला निरोप गेला, की आईसाहेब बऱ्या झाल्या आहेत, सोमवारपासून त्यांना वाक्यं लिहा. पुढे मी त्या मालिकेत चार वर्षं बोलले, इतकं बोलले की धाकट्या सुनेचं काम करणारी मुलगी मला सीनमध्येच पाणी आणून द्यायची.

पण त्या संध्याकाळी मी आधी मेकअप रूम गाठली. ऋतुराज तोंड पुसत बसला होता.

“अडलास ना शेवटी तिथेच? तीन दिवस घोकून घेतलं, तरी ‘कोलाहल’ आला नाही तो नाहीच. नशीब म्हणून निभावलं.”

त्याने उठून दार लावलं, आरशाकडे तोंड करून उभा राहिला आणि सुरू झाला. पहिलं पान, दुसरं पान, शेवग्याचं झाड, अंतर्मनातील कोलाहल, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. ‘ळ’ आणि ‘ण’सुद्धा जागच्या जागी. मी दाराला टेकून ऐकत होते.

“हे कधी पाठ केलंस?”

“मंगळवारीच.”

“आणि आधीचे सीन? ते साखरपुड्याचं भाषण?”

त्याने मान खाजवली. “पाडव्यापासनं समदं पाठच असतंय मावशी. तुमी सांगितलं तसं, हातानं लिवून काढतो.”

“पाडव्यापासून! मग हाताला रोज घाम कसला सुटायचा?”

“त्यो लाइटचा.”

“आणि मी मेली तीन महिने मास्कमध्ये तोंड घालून पुटपुटत होते, ती कोणासाठी?”

“आता मला येतंय म्हटलं असतं, तर त्यांनी हास्पिटलात शिन कशाला लावलं असतं? पाडव्यालाच मारणार हुते तुमास्नी. नंदूसरांच्या टेबलावर कागद बगितलेला मी.” मग खाली बघत म्हणाला, “आज काय मागं हटंनात. मग म्हटलं, आपण गप बसू. तुमास्नी बोलल्याबिगर ऱ्हावणार न्हाई.”

एका शब्दावरून एकमेकांची गचांडी धरणारे नट मी बावीस वर्षं विंगेतून पाहिले होते. आणि हा बाबा दोन पानांचं पाठ भाषण, अख्ख्या महाराष्ट्रापुढे, माझ्यासाठी गिळून बसला होता. वर वाक्य विसरला म्हणून नाव त्याचंच खराब व्हायचं होतं.

मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, तर एक शब्द सापडेना. कोणी प्रॉम्प्ट करील म्हणून वाट पाहिली. मग जवळ जाऊन त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तिथेच डोकं टेकून मोठमोठ्याने रडले.